तिकिटाची गर्दी



आज एका वेगळ्याच जत्रेची हकिकत सांगणार आहे. देव नाही, नवस नाही, कोंबडे-बकरे नाही. तरीही माणसे नटूनथटून येतात, उन्हातान्हात रांगा लावतात आणि पदरचे पैसे मोडून जातात. चित्रकथांच्या म्हणजे कॉमिक्सच्या आणि जपानी कार्टूनच्या चाहत्यांचा हा मेळावा. जपानी कार्टूनला आमची मुले 'ॲनिमे' म्हणतात आणि तिकडच्या चित्रकथांना 'मांगा'. हा दुसरा शब्द मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातले काम टाकून तिच्याकडे पाहिले. शाळेत कोणी कोणाला जातीवरून बोलले की काय, असेच वाटले. नंतर कळले, तो जपानी शब्द आहे. आपले कान कशाने घडलेत ते असे कळते.

मुलगी नववीत आहे, बहिणीचा मुलगा बारावीत. दोघांनी मिळून तीन महिने आधीपासून माझ्यामागे लकडा लावला होता. तिघांच्या तिकिटांचे पैसे ऐकून मी सरळ नाही म्हटले. तेवढ्यात आमचा अर्ध्या महिन्याचा किराणा येतो. भाचा झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी काम करतो. तो म्हणाला, "मावशी, माझं तिकीट माझ्या पैशातून. तू फक्त आमच्याबरोबर चल, नाहीतर आई पाठवणार नाही." मुलीने तर वेगळाच डाव टाकला. "आई, तू लहानपणी जंगल बुक बघायचीस ना दर रविवारी? ते पण जपानीच होतं."

खरेच की! १९९३ साली दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागायची तेव्हा आमच्या चाळीत दोनच टीव्ही होते. वीसएक पोरे एका खोलीत, काही दारात, काही खिडकीच्या गजांना लोंबकळत. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती हे मला चाळिशी उलटल्यावर मुलीकडून कळावे, ही गंमतच. मग नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

या मेळाव्यात पुष्कळ मुले आवडत्या पात्राचा वेष करून जातात. आपल्याकडे बहुरूपी यायचा ना दारावर, कधी पोलीस होऊन तर कधी शंकर होऊन, तसेच. भाच्याला नारुतो व्हायचे होते. नारुतोच्या कपाळाला निळी पट्टी आणि तिच्यावर धातूचा पत्रा असतो. बाजारात ती तयार मिळते, पण महाग. भीमजयंतीच्या कमानीचे निळे कापड विहारातल्या पेटीत उरले होते. त्याची पट्टी कापली. मुलीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून कडा दगडावर घासल्या आणि खिळ्याने ठोकून त्यावर गोल वळणाचे पान काढले. दोन पट्ट्या झाल्या, एक तिला, एक त्याला. ते ठोकणे चालू असताना मी सहज विचारले, "हा नारुतो कोण रे एवढा?"

"अनाथ पोरगा असतो मावशी. गावातले लोक त्याला टाळतात. आपल्या पोरांना सांगतात, याच्याशी खेळू नका. आणि त्याला कारणच माहीत नसतं. त्याने काहीच केलेलं नसतं ना."

मी पोळपाटावरचा हात थांबवला. एवढे दिवस मी त्याला 'काय ती येडी कार्टुनं बघत बसतोस' म्हणून बोलत होते.

रविवारी सकाळी आठला निघालो. मेळावा उपनगरातल्या एका मोठ्या प्रदर्शनाच्या जागेत होता. स्टेशनच्या बाहेर आलो तर रांगेचे टोक तिथेच सापडले. अडीच तास रांगेत उभे होतो. फाटकावर हाताला कागदी पट्टा बांधला, पिशवी तपासली आणि पाण्याची बाटली काढून घेतली. डबाही ठेवून घेत होते, पण मी चपात्या पर्समध्ये खाली सारल्या होत्या. आत पाणी विकत, तेही दुप्पट दराने. बाटलीचा एवढा राग का आला, ते पुढे सांगते.

आधी चांगले ते सांगितले पाहिजे, कारण चांगले पुष्कळ होते. आत शिरल्यावर मी दहा मिनिटे नुसती बघत उभी राहिले. निळ्या केसांची मुलगी, पाठीला पुठ्ठ्याचे पंख लावलेला मुलगा, डोक्यापासून पायापर्यंत थर्मोकोलच्या चिलखतात घामाने निथळणारा कोणी. एक जोडपे तान्ह्या बाळालाही टोपी घालून काहीतरी करून आले होते. आणि सगळी मुले एकमेकांना थांबवून विचारत होती, "तू कोण?" उत्तर यायचे ते पात्राचे नाव. कोणी कोणाला आडनाव विचारत नव्हते. आपण कुठेही गेलो, खोली भाड्याने घ्यायला गेलो की नव्या कचेरीत रुजू झालो, की तिसरा प्रश्न आडनावाचा असतो आणि त्यानंतरचे गप्प राहणे आपल्या सवयीचे असते. इथे चार तासांत तो प्रश्न कोणाच्या तोंडून ऐकला नाही. वेषांवरून श्रीमंत-गरीब मात्र कळत होते. हजारो रुपयांचे वेष मागवणाऱ्यांभोवती फोटोवाल्यांचे कडे, आणि घरी शिवून आलेले बाजूला. पण एका मुलीने आमच्या पत्र्याच्या पट्टीवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे हाताने ठोकलंय? मला शिकवशील?" माझ्या मुलीचा चेहरा पाहायला हवा होता.

एक मुलगा ब्लॅक पँथर होऊन आला होता. काळा मुखवटा, छातीवर हात आडवे. भाच्याला म्हटले, याचा आणि आपला जुना संबंध आहे. हे पात्र १९६६ च्या जुलैच्या अंकात अमेरिकेतल्या एका कॉमिकमध्ये पहिल्यांदा आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि तिच्यावरून नाव घेऊन १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. भाच्याने २०१८ चा सिनेमा तीनदा पाहिलाय, पण हे त्याला ठाऊक नव्हते. तो त्या मुखवटेवाल्याला जाऊन सांगून आला. त्याने मुखवटा वर करून माझ्याकडे पाहिले आणि हात केला.

आता गर्दीचे. दुपारी एकच्या सुमाराला एका सभागृहात यूट्यूबवरचा कोणी पाहुणा यायचा होता. पलीकडच्या सभागृहातला कार्यक्रम नुकताच संपलेला. दोन्हींच्या मधे एक बोळ. तिकडचे इकडे आणि इकडचे तिकडे, असे दोन लोंढे त्या बोळात समोरासमोर आले. फाटकावरची माणसे मात्र पट्टे बांधून आत सोडतच होती. तिकीट विकले आहे ना, मग आत सोडले पाहिजे. आम्ही तिघे बोळाच्या मध्यावर होतो. मुलीचा हात माझ्या हातात होता आणि पुढच्या क्षणी नव्हता. एवढेच आठवते. भाचा तर त्याआधीच मागे कुठेतरी राहिला होता.

बायांनो, गर्दीत माणूस पायाखाली चिरडून मरतो असे आपण समजतो. पण पुष्कळ जण उभ्या उभ्या जातात. छाती चारही बाजूंनी दाबली की श्वास बाहेर जातो, आत येत नाही. एका चौरस मीटरच्या जागेत चार माणसे असली तर अजून हलता येते. सहा-सात झाली की आपण आपल्या पायांवर राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. २९ सप्टेंबर २०१७ ला आपल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसे गेली, ती काही दंगा करत नव्हती, कामावर निघाली होती. २९ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात सेऊलच्या इटेवॉन भागात अरुंद, उताराच्या गल्लीत १५९ जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक तरुण होते, आणि हॅलोविनसाठी अशाच वेषांत आलेली पोरेही त्या गर्दीत होती. मला त्या बोळात तेच आठवत होते.

माझ्या शेजारी एक मुलगी होती, सोळा-सतरा वर्षांची, डोक्यावर जड टोप आणि अंगात फोमचे चिलखत. तिचे ओठ पांढरे पडले. मी सोळा वर्षे ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आमच्या विहाराच्या महिला मंडळाबरोबर पाणीवाटपाला उभी राहते. त्या अनुभवाने हात आपोआप हलले. दोन्ही कोपर छातीपुढे धरून जागा केली, तिचे चिलखत मागून सोडले आणि ओरडले, "एक पाऊल मागे! मागच्याला सांगा, एक पाऊल मागे!" पुढच्यांना ओरडून उपयोग नसतो, त्यांना कुठे जायला जागा असते? मागच्यांना कळत नाही की पुढे काय झाले आहे, म्हणून निरोप मागे गेला पाहिजे. लाल नाक लावलेला एक मुलगा आणि पुठ्ठ्याची तलवार घेतलेला दुसरा, दोघांनी तोच निरोप हिंदीत मागे दिला. तो मागून मागे गेला. दोन-तीन मिनिटांनी दाब ढिला झाला. भिंतीला एक दार होते, संकटकाळी बाहेर पडायचे. त्याच्यापुढे खोकी रचून ठेवलेली! यंत्रमानव बनून आलेल्या एकाने ती खोकी उचलून बाजूला टाकली आणि दार उघडले. बाहेर हवा होती. त्या मुलीला सावलीत बसवले. प्यायला पाणी मागितले तर कोणाकडेच नव्हते. सगळ्यांच्या बाटल्या फाटकावर.

माझी मुलगी कुठेच नव्हती.

फोन लागेना. एवढ्या माणसांचे फोन एका जागी आले की लागतच नाहीत. फाटकाकडे गेले, चौकशीच्या टेबलाकडे गेले, खाण्याच्या स्टॉलांकडे गेले. टेबलावरच्या मुलाने सांगितले, "मॅडम, अनाउन्समेंट फक्त प्रोग्रामची होते." पाच-सहा मिनिटांनी भाचा सापडला, तोही रडकुंडीला आलेला. मनात एकच टोचत होते. ६ डिसेंबरला आमच्याबरोबर विहारातली तीस-चाळीस माणसे असतात, त्यांत म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. प्रत्येक पोराच्या खिशात नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी. कोण कोणाचा हात धरणार हे गाडीतच ठरते. चुकामूक झाली तर कुठे थांबायचे हेही. मी स्वतः सगळ्यांना दहा वेळा बजावते. आणि इथे माझ्याच मुलीला मी काही सांगितले नव्हते. का नाही सांगितले? कारण ही तिकिटाची गर्दी. शिकलेल्यांची, इंग्रजी बोलणाऱ्यांची. इथे कशाला चुकामूक होते, असे मी गृहीत धरले होते. आपली गर्दी ती गर्दी आणि त्यांची ती व्यवस्था, हे माझ्याही डोक्यात कधी शिरून बसले होते, मला कळले नव्हते.

चाळीस मिनिटांनी ती सापडली. कोपऱ्यातल्या एका पुस्तकांच्या स्टॉलवर, जमिनीवर मांडी घालून वाचत बसली होती. मी आधी मारायला हात उचलला आणि मग तिला पोटाशी धरले. ती म्हणाली, "तूच सांगतेस ना दादरला, चुकलो तर पुस्तकांच्या स्टॉलवर थांबायचं. मी पहिल्यांदा इथेच आले. तूच उशीर केलास."

स्टॉलवाल्याने तिला बसायला दिले होते, तिच्याजवळ पैसे नाहीत हे दिसत असूनही. आणि ती वाचत काय होती? तथागतांचे चरित्र! ओसामु तेझुका या जपानी चित्रकाराने १९७२ ते १९८३ या काळात काढलेली 'बुद्ध' नावाची मोठी चित्रकथा. इंग्रजीत तिचे आठ भाग आहेत. हा तेझुका मूळचा डॉक्टरी शिकलेला माणूस. पहिल्या भागाचे नाव कपिलवस्तू. मी तिथेच उभ्याने पाने चाळली. मला वाटले होते, हत्तीचे स्वप्न, लुंबिनी, सात पावले, अशी सुरुवात असेल. पण पहिला भाग व्यापून आहे तो छाप्रा नावाचा एक शूद्र गुलाम पोरगा, आणि तत्ता नावाचा, जातीबाहेर टाकलेल्यांतला एक लहान मुलगा. ही पात्रे तेझुकाच्या मनातली, पाली ग्रंथातली नव्हेत, हे मुलांना सांगून ठेवावे लागते. छाप्रा कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवून त्याचा मानलेला मुलगा बनतो, जात लपवतो, शौर्य गाजवतो. मग त्याची खरी आई समोर येते. तिला तो नाकारत नाही. जात उघड होते आणि मायलेक दोघांनाही जीव गमवावा लागतो. तथागत जन्माला आले ते कशा जगात, हे त्या जपानी माणसाने सगळ्यांत आधी दाखवले. आपल्याकडच्या किती सचित्र चरित्रांत हे सापडते?

येताना गाडीत यावरून दोन्ही पोरांचे भांडण जुंपले. मुलीचे म्हणणे, नारुतोपेक्षा छाप्रा खरा. कारण नारुतो शेवटी गावच्या जुन्या प्रमुखाचाच मुलगा निघतो. भाचा चिडला, "पण तो मेहनत करतो ना!" मी गप्प ऐकत होते. कबीरांच्या जन्माची कथा आठवली, विणकराच्या घरचा एवढा मोठा माणूस म्हणजे मूळ ब्राह्मणीचाच असला पाहिजे, म्हणून जोडलेली. कर्तबगारीला कुळाचा दाखला लागतोच, जपानमध्येही. पण भाच्याचेही खोटे नाही. त्याला नारुतो आवडतो तो पहिल्या भागांतला, ज्याच्याशी कोणी खेळत नाही. पुढे त्याचा बाप कोण निघाला, याच्याशी त्याला काय करायचे आहे?

पुस्तक घेतले. पर्समध्ये परतीच्या रिक्षाचे पैसे होते ते त्यात गेले आणि आम्ही स्टेशनपर्यंत चालत आलो. त्याच स्टॉलवर 'भीमायन'ही दिसले. दिल्लीच्या नवयानने २०११ साली काढलेले, मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चितारलेले बाबासाहेबांचे चरित्र. आमच्या विहारात ते आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. त्यात चौकटी नाहीत. गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणाऱ्याचे विंचवाच्या नांगीच्या आकारात. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळते की इथे बाबासाहेबांना कोणी टोचून बोलले. त्यातला पहिलाच भाग पाण्याचा आहे, बालपणीच्या प्रवासात पाणी न मिळालेल्या भीमाचा. फाटकावरच्या बाटलीचा राग एवढा का आला, तो यामुळे. तिथे कोणी जात पाहून बाटली काढून घेतली नव्हती, हे मलाही कळते. पण पाणी काढून घ्यायचे आणि मग विकायचे, हे आपल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही.

सोमवारी कचेरीत गेले. आमच्याकडे ६ डिसेंबर जवळ आला की बोलणी सुरू होतात, 'या आठवड्यात दादरला उतरायची सोय नाही,' 'किती तो कचरा'. मी वीस वर्षे ऐकते आहे. त्याच सहकारी बाईंचा मुलगाही रविवारी त्या मेळाव्याला होता. त्या म्हणाल्या, "काय गर्दी होती म्हणे! मज्जा आली मुलांना." मी म्हटले, "एका मुलीचा जीव जाता जाता राहिला." त्यांनी विषय बदलला.

भाच्याने मला जपानच्या एका मेळाव्याविषयी सांगितले, आणि मी ते नंतर नीट वाचून घेतले, कारण ऐकून विश्वास बसला नाही. टोकियोत 'कॉमिक मार्केट' नावाचा मेळावा वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये, भरतो. तो निघाला कसा? तिथे आधीपासून चित्रकथाप्रेमींचे एक संमेलन होत असे. त्या संमेलनावर टीका केली म्हणून एका मुलीला प्रवेश नाकारला गेला. तेव्हा काही तरुणांनी ठरवले की जिथे कोणालाच दार बंद नसेल असा आपला मेळावा काढायचा. २१ डिसेंबर १९७५ ला पहिला भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे, त्यात बहुतेक शाळकरी मुली. स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या चित्रकथा घेऊन बसायचे आणि एकमेकांना विकायच्या. डिसेंबर २०१९ च्या मेळाव्याला चार दिवसांत साडेसात लाख लोक आले! आणि एवढे सारे चालवतात हजारो स्वयंसेवक. त्यांचा एक नियम मला फार आवडला. तिथे 'गिऱ्हाईक' हा शब्दच नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा स्वयंसेवक, सगळे 'सहभागी'. येणाऱ्या प्रत्येकावर मेळाव्याची जबाबदारी.

हे वाचले आणि मला समता सैनिक दलाचे निळ्या टोपीतले तरुण आठवले, रात्रभर रांगेच्या कडेला उभे असलेले. चैत्यभूमीला येणारा कोणाचा गिऱ्हाईक आहे? विदर्भातून, मराठवाड्यातून भाकऱ्या बांधून आलेली म्हातारी दहा-दहा तास रांगेत बसते, शेजारणीच्या नातवाला मांडीवर घेते, आणि दर्शन झाले की पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन नातीसाठी पुस्तक घेते. तिला कोणी तिकीट विकलेले नसते, म्हणून ती कोणाकडे पैसे परत मागत नाही, धक्काबुक्की करून 'माझा हक्क' म्हणत नाही. आपल्याकडेही उणिवा आहेत. कर्णे लावून पुढारी ओरडतात, वाटेतच मंडप टाकतात, रुग्णवाहिकेला वाट सोडत नाहीत. ते आपण आपसात बोललेच पाहिजे. पण त्या रविवारच्या बोळात मला कळले की ज्या गर्दीत प्रत्येक जण पैसे भरून आलेला असतो, तिथे पुढच्याचा श्वास अडकला तर तो आपला प्रश्न आहे असे पटकन कोणाला वाटत नाही. सांगितल्यावर मात्र वाटले, हेही खरे. लाल नाकवाल्या पोराला कोणी शिकवले होते? त्याला फक्त कोणीतरी सांगायचे होते.

अमेरिकेतले जॉन लुईस यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. काळ्या लोकांच्या मताधिकारासाठी १९६५ मध्ये सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले, पुढे खासदार झालेले, २०२० मध्ये वारलेले. त्यांनी तरुणपणी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावरची, दहा सेंट किमतीची एक छोटी चित्रकथा वाचली होती, १९५७ मध्ये निघालेली. म्हातारपणी त्यांनी स्वतःची कहाणी चित्रकथेतच सांगितली, तीन भागांत. तिचा तिसरा भाग २०१६ मध्ये तिकडचा मोठा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार घेऊन गेला. २०१५ मध्ये ते सॅन डिएगोच्या प्रचंड मोठ्या कॉमिक्स मेळाव्याला गेले. सगळे वेष करून येतात, तर यांनीही केला. सेल्माच्या मोर्चात घातला होता तसाच लांब कोट आणि पाठीवर तशीच पिशवी. पंचाहत्तरीचा माणूस स्वतःचाच वेष करून आला! आणि लहान मुलांचे हात धरून त्या गर्दीतून मोर्चा काढत चालत गेला. हे मी मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "आई, आपण ६ डिसेंबरला जातो तेव्हा तुम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसता, तो वेषच का?" मी म्हटले, तो वेष नाही. मग वाटले, तिला हे नीट समजावून सांगता आले पाहिजे. अजून जमलेले नाही.

जाता जाता आयांसाठी दोन शब्द. मुले अशा मेळाव्यांना जाणारच, आणि जाऊ द्यावीत. आत शिरल्या शिरल्या बाहेर पडायची सगळी दारे त्यांना दाखवा. भेटायची जागा ठरवा, ती भिंतीकडेची असू द्या, फाटकाजवळची नको. फोनवर विसंबू नका. दाटी वाटू लागली की पुढचा कार्यक्रम बुडाला तरी चालेल, कडेकडेने बाहेर निघा. अडकलात तर हात छातीपुढे ठेवा, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. आणि ओरडायचे ते मागच्यांना.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलांनी ते पुस्तक काढले. मुलगी सेमी इंग्लिशला आहे. ती इंग्रजी वाचायची आणि मराठीत सांगायची, अडले की भाचा मदत करायचा. लहान पोरे चित्रांवर तुटून पडलेली. सुरुवातीला सशाची जातककथा आहे, भुकेल्याचे पोट भरावे म्हणून आगीत उडी घेणाऱ्या सशाची, ती सगळ्यांना ओळखीची निघाली. मग छाप्रा आला. मागे बसलेल्या आजी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांना चित्र दिसत नव्हते, मोतीबिंदू आहे. छाप्राची आई त्याला शोधत येते तिथे त्यांनी थांबवले.

"हे लिवलं कुणी म्हणालीस?"

"जपानच्या माणसाने, आजी."

"त्याला गं आपलं कसं ठावं?"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, "अहो आजी, नागपूरचे ससाई भंतेजी जपानचेच की."

"हां," आजी म्हणाल्या, "मग वाच म्होरं."